लिव्हिंग विल नुसता कागद नाही

लिव्हिंग विल म्हणजे आपण बोलण्याच्या अवस्थेत नसू तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं. 'कायदा होईपर्यंत ते करून उपयोग नाही' असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत.

अडतं ते मजकुरात. 'मला त्रास देऊ नका' एवढ्यावरून आयसीयूतल्या डॉक्टरांनी काय समजायचं? व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीतून अन्न यातलं काय, कोणत्या अवस्थेत नको ते लिहा. वेदनाशमन चालू राहावं, हेही. तुमच्या वतीने निर्णय कोण सांगणार त्यांची नावं घाला. प्रत आपल्या महापालिकेकडे, नगरपालिकेकडे किंवा पंचायतीकडे द्या, घरच्यांना आणि फॅमिली डॉक्टरांनाही. लॉकरमधला कागद ऐनवेळी सापडत नाही.

उपचार घाईने थांबवले जातील ही भीती अनाठायी आहे: आधी डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात. प्राणघातक इंजेक्शन मात्र आजही गुन्हाच, आणि माझ्या मते तो राहावा.