मदत हवी: क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) दोन तक्ते जॉईन होत नाहीयेत, सगळं नल (रिकामं)

नकाशाग्रस्त: दोन रात्री गेल्या यात. पालघरची गावं आणि जनगणना २०११ जोडतोय तर नुसतं नल नल. आणि आरोग्य केंद्रांभोवती ५ किमीचा गोल हवा म्हणून ५ चा बफर दिला तर वर राजस्थान नि खाली गोवा गाठलं त्याने!! शुक्रवारी गाईडना दाखवायचंय, पटकन सांगा प्लीज

रानवाट: जॉईन गावाच्या नावावर की जनगणनेच्या कोडवर? लेयरचं प्रोजेक्शन (नकाशाची मापपद्धत) काय?

बाबूकाका: आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका. दोन ओळींत होतं. माउस घेऊन नकाशे काढायचे दिवस गेले.

रानवाट: काका, त्याला शुक्रवारी नकाशा हवाय, नवी भाषा नकोय.

नकाशाग्रस्त: नावावर. कोड आधी करून बघितले, तेच आकडे दिसतात तरी जुळत नाहीत, एकीकडे डावीकडे चिकटलेत एकीकडे उजवीकडे. प्रोजेक्शन ४३२६

रानवाट: अरे मग हे आधी सांगायचं ना. डावीकडे चिकटलेत ते टेक्स्ट, उजवीकडचे नंबर. फील्ड कॅल्क्युलेटरने इंटिजरचा (पूर्णांकाचा) नवा कॉलम कर, त्यावर जॉईन कर. नावावर नकोच, एकाच नावाची गावं असतात, स्पेलिंगही दरवेळी वेगळं. बफरचं म्हणशील तर ४३२६ मध्ये माप अंशात असतं, १ अंश साधारण १११ किमी, म्हणजे तू साडेपाचशे किमीचा काढलायस 😄 लेयर ३२६४३ मध्ये एक्सपोर्ट कर, त्यात माप मीटरमध्ये असतं, मग ५००० टाक.

गटनंबर: महाभूनकाशावर (जमिनीच्या नकाशांची सरकारी साईट) गाव निवडून गट नंबर टाका, नकाशा येतो. आम्ही वाटणीच्या वेळी तसाच काढला.

रानवाट: ?? तो जमिनीच्या गटाचा नकाशा, इथे प्रश्न वेगळाय

जव्हारकर: पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. २०११ मध्ये ठाण्याखाली शोध, कोड ५१७, त्यातले आठ तालुके उचल. दुसरं, तो ५ किमीचा गोल आमच्याकडे फसवा आहे. मोखाड्यात मधे दरी आली की नकाशावरचे ३ किमी चालायला अर्धा दिवस. गोलात आलं म्हणजे सोय झाली असं लिहू नकोस बाबा, असेच रिपोर्ट वर जातात.

बाबूकाका: म्हणून तर नेटवर्क अॅनालिसिस करा म्हणतो, रस्त्यांवरून अंतर मोजा, आरमध्ये

जव्हारकर: पाड्यांच्या पायवाटा आहेत का तुमच्या नेटवर्कात? पावसाळ्यात ओढे आडवे येतात ते? त्यापेक्षा लोकसंख्या बघ, आदिवासी भागात २०,००० मागे एक प्राथमिक केंद्र असा निकष आहे, मैदानात ३०,०००.

नकाशाग्रस्त: ठाणे!!! मी पालघर फिल्टर करत होतो, एकच तालुका यायचा, म्हटलं फाईल अर्धवट उतरलीये. कोड जुळले 🙏 वसईकडची काही अजून नल आहेत

रानवाट: ती सेन्सस टाउन (जनगणनेत शहर धरलेली गावं) आहेत का बघ, असली तर गावांच्या यादीत नसणार.