अळ्यांवर विषाणू फवारायचा, की त्याला आपणहून पसरू द्यायचं?

रानवाटा: सागाची पानं खाणारी अळी (हायब्लिया प्युएरा) पावसाच्या तोंडावर अख्ख्या लागवडीचा खराटा करते. तिला मारणारा एनपीव्ही नावाचा विषाणू निसर्गातच आहे. मेलेल्या अळीची कातडी फुटते, आतला द्रव खालच्या पानांवर ओघळतो आणि ती पानं दुसऱ्या अळ्या खातात. पाऊस, पक्षी, परजीवी कीटकही तो पसरवतात. मग फवारणीचा खर्च कशाला?

झिलमिल: पसरतो हो, पण झाडं ओकीबोकी झाल्यावर! विषाणूला अळ्यांची दाटी लागते. केरळ वन संशोधन संस्थेच्या अभ्यासात या अळीमुळे कोवळ्या सागाची लाकूडवाढ 44 टक्के घटलेली आढळली. झाड मरत नाही म्हणजे नुकसान नाही, असं थोडंच आहे?

काडीकचरा: थोडं अवांतर. स्पंजी मॉथ या झाडांची पानं खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या एरवी दिवसा खाली उतरून लपतात. त्यांचा असाच विषाणू लागलेल्या मात्र शेंड्यावरच राहून मरतात, म्हणजे द्रव आपोआप खालच्या पानांवर. विषाणूतलं ईजीटी हे जनुक त्यामागे असल्याचं 2011 मध्ये दाखवलं गेलं. एवढी तयारी असलेल्याला आपला पंप काय शिकवणार? चालू द्या.

रानवाटा: कॅनडात 1930 च्या दशकात स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची जंगलं सॉफ्लाय या किडीच्या अळ्यांनी फस्त केली होती. युरोपातून परजीवी कीटक आणले, त्यांच्यासोबत बहुधा नकळत विषाणूही आला. पुढच्या काही वर्षांत कीड कोसळली. फवारणी शून्य.

झिलमिल: तिथेही विषाणू माणसानंच नेला ना, नकळत का होईना! शिवाय ती कीड वर्षानुवर्षं त्याच जंगलात राहते. सागाचे पतंग कोषातून बाहेर पडले की थव्यानं दुसरीकडे जातात. विषाणू इथल्या सालीवर आणि मातीत, कीड भलत्याच डोंगरावर. त्यात उघड्या पानावरचा विषाणू उन्हानं काही दिवसांत निकामी होतो. वाट कसली बघताय?

रानवाटा: आणि फवारायला आणणार कुठून? तो जिवंत अळ्यांतच वाढवावा लागतो. अमेरिकेत स्पंजी मॉथवरच्या जिपचेक या फवारायच्या विषाणूला 1978 मध्ये परवानगी मिळाली, तरी तो कायम तुटपुंजाच राहिला.

झिलमिल: म्हणूनच सरसकट नको. पहिल्या धाडी छोट्या तुकड्यांत पडतात, तेवढ्याच गाठायच्या, तेही अळ्या लहान असताना आणि संध्याकाळी. मोठ्या अळीला मारायला विषाणू कितीतरी जास्त लागतो.

रानवाटा: उंच शेंड्यावरची बारीक अळी खालून दिसते का? तुकडे शोधणार कोण?

झिलमिल: वर कशाला बघता? झाडाखाली विष्ठेचे बारीक काळे कण पडायला लागले की समजायचं.