घंगाळ विकून नफा का उरत नाही

जळगावात मोडीच्या भावात घेतलेलं पितळी घंगाळ विकलं, तरी कुरिअरनं नफा खाल्ला, अशी एका विक्रेत्याची तक्रार आहे. कारण वजन नाही, आकार आहे. अनेक कुरिअर लांबी × रुंदी × उंची (सेंमी) भागिले 5000 असा हिशेब लावतात. 45×45×30 चं खोकं म्हणजे 12 किलोचं भाडं, आत भांडं चारच किलोचं असलं तरी. घंगाळ, हंडे जवळपासच विका. लांब पाठवायला तांब्या, अडकित्ता, पानाचा डबा. 20×20×20 च्या खोक्याला 1.6 किलोचंच भाडं लागतं.

खान्देशात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला, लग्नसराईत जुनी भांडी मोडीत निघतात, तेव्हाच फिरा. घेताना लोहचुंबक लावा. चिकटलं तर लोखंडावर मुलामा आहे. पाणी भरून रात्रभर ठेवा, झाळ (धातू वितळवून लावलेला जोड) गळत असेल तर कळेल.

चमकवायला चिंचेत भांडं तासन्‌तास बुडवू नका, कृपा करून! आंबटानं जस्त निघून जातं, गुलाबी डाग पडतात, ते पुसून जात नाहीत. चिंच पाच मिनिटं चोळा, धुवा, लगेच कोरडं करा. जुनेपणाची झाक हवी असणाऱ्यांसाठी तेवढंही नको. पोचा (चेपलेली जागा) आणि कोरलेलं नाव यांचे फोटो जवळून द्या, नाहीतर त्यावरून माल परत येऊ शकतो.