परदेशी विद्यापीठाचा अर्ज : कोल्हापूरकरांनो, तुमचं कुठं अडलं?

माझ्या भाचीला जर्मनीत मास्टर्स करायचं आहे. घरातून परदेशी शिकायला जाणारी ती पहिलीच. एजंट सगळं करून देतो म्हणतोय, पण अर्ज तिनं स्वतः भरावा असं मला फार वाटतं. इथून गेलेल्यांनी आपले अनुभव लिहा. विद्यापीठांची क्रमवारी नको, ती शोधली की सापडते. कुठं अडलात ते सांगा.

राजारामपुरी, सध्या जर्मनीत

आधी तिचं नाव तपासा. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. माझ्या पासपोर्टवरच्या नावात वडिलांचं नावच नव्हतं. आयईएलटीएसचा (इंग्रजीच्या परीक्षेचा) फॉर्म मी मार्कलिस्ट समोर ठेवून भरला, नाव पासपोर्टशी जुळेना आणि दुरुस्तीत दोन आठवडे गेले.

दुसरं गुणांचं. तिथं १ सगळ्यात चांगला, ४ म्हणजे काठावर पास. आपला सीजीपीए (दहापैकी सरासरी) त्यात बसवताना पास व्हायला लागणारा किमान ग्रेड पॉइंटही धरतात. माझा सीजीपीए ७.५. किमान ४ धरला तर २.२५ येतात, ५ धरला तर २.५. मला हव्या त्या कोर्सला २.३ पर्यंतच घेत होते, आणि माझ्या ट्रान्स्क्रिप्टवर (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या उताऱ्यावर) किमान किती ते छापलेलंच नव्हतं! किमान ४ आहे एवढं सांगणाऱ्या एका ओळीच्या पत्रासाठी परीक्षा विभागात पाच फेऱ्या झाल्या, पण प्रवेश त्या पत्रावरच मिळाला. एपीएस प्रमाणपत्राचंही (आपले शिक्षणाचे कागद खरे आहेत हे तपासून देतात ते) आत्ताच बघा. नोव्हेंबर २०२२ पासून त्याशिवाय व्हिसाचा अर्ज घेत नाहीत, आणि बरीच विद्यापीठं ते प्रवेश अर्जासोबतच मागतात.

उद्यमनगर

माझे वडील फाउंड्रीत मोल्डर, वाळूचे साचे बनवतात. पहिल्या एसओपीत (हा कोर्स आपल्याला का करायचाय ते सांगणाऱ्या निबंधात) मी ते लिहिलंच नव्हतं. 'लहानपणापासून यंत्रांची आवड' वगैरे सीनियरच्या एसओपीतून उचललेलं. ताईनं वाचलं आणि म्हणाली, ह्यात तू कुठं आहेस?

मग पुन्हा बसलो. वाळूत ओल जास्त राहिली की ओतलेल्या लोखंडात वाफ अडकते, ब्लोहोल (पोकळ्या) पडतात, माल रिजेक्ट होतो. वडिलांच्या तोंडून हे शाळेत असल्यापासून ऐकत होतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही वाळूतली ओल मोजायचाच होता. तेवढंच लिहिलं. तीन रात्री लागल्या, पण त्यानंतर एक शब्द बदलावासा वाटला नाही.

शिफारसपत्राला सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. मी प्रोजेक्टची वही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, सर, ह्यातलं तुम्हाला आठवतंय ते दोन ओळी का असेना, तुम्हीच लिहा. त्यांनी दीड पान लिहिलं. पत्र कॉलेजच्या मेल आयडीवरून जाऊ द्या, बरीच विद्यापीठं साधा जीमेल चालवून घेत नाहीत.

शिरोळ, मुलीचे वडील

आमची पोरगी इंग्लंडला गेली. तिकडच्या व्हिसाला लागणारी रक्कम खात्यावर सलग २८ दिवस असावी लागते, एक दिवससुद्धा खाली गेलेली चालत नाही. आम्हाला हे उशिरा कळलं. उसाचं बिल जमा झालं आणि मी नेहमीसारखे खताला पैसे काढले. सतरावा दिवस होता. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो. त्या महिन्यात पोरीनं जेवणाकडं नीट बघितलं नाही. बाबांनो, ते खातं वेगळंच ठेवा.

शाहूपुरी

२०१९ च्या पुरात माझ्या मूळ मार्कलिस्टा भिजल्या. डुप्लिकेट काढण्यात अर्जाची तारीखच निघून गेली, वर्ष थांबले. कागद माळ्यावर ठेवा, स्कॅन आजच करा.

कागल

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज जरूर भरा. राज्याचं समाजकल्याण खातं देतं. फी, राहण्याचा खर्च, विमानाचं तिकीट, सगळं त्यात येतं. माझ्या वस्तीत हे कुणालाच माहीत नव्हतं. मला ग्रंथालयातल्या एका काकांनी जाहिरातीचं कात्रण दिलं, म्हणून मी गेलो. बाबासाहेबांच्या लंडनच्या शिक्षणाला महाराजांनी हात दिला होता. त्यांच्याच नावाच्या पैशावर शिकताना मी एक तास वाया घालवला नाही.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी)

भाचीनं आत्ताच पासपोर्ट काढून बघितला. तिच्या नावात वडिलांचं नाव नाही. ट्रान्स्क्रिप्ट पालथी केली, किमान ग्रेडचा उल्लेख नाही. सोमवारी दोघी परीक्षा विभागात जातोय.