नाट्य-नृत्याच्या पदवीत तंत्रज्ञान शिकवायचं, पण कुणाचे तास कापून?

पदन्यास:
विद्यापीठात गेली १६ वर्षं नृत्य शिकवते आहे. यंदा आमचा अभ्यासक्रम नव्याने बांधला आणि पदवीचं नाव 'रंगभूमी, नृत्य आणि तंत्रज्ञान' असं झालं. नावाबद्दल तक्रार नाही, तासांबद्दल आहे. पहिल्या वर्षाला अंगसाधनेचे आठवड्याला १२ तास होते, ते ७ वर आले. उरलेले ५ मोशन कॅप्चर (शरीराची हालचाल संगणकात टिपणं), प्रोजेक्शन मॅपिंग (वस्तूच्या आकाराबरहुकूम तिच्यावर चित्रं टाकणं) आणि सेन्सरच्या प्रात्यक्षिकांना गेले.

सेमिस्टरच्या शेवटी एका मुलीने सादरीकरण केलं. तिचा हात हलला की मागच्या पडद्यावर रेषा उमटायच्या. तोंडी परीक्षेत प्रत्येक रेषा कशी तयार होते ते तिने न अडखळता सांगितलं. मी म्हटलं, आता पडदा बंद ठेवून तीच तीन मिनिटं कर. ती दीड मिनिटात थांबली. वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेताना तिचा श्वास अडकत होता, आणि सहा महिन्यांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण बघणाऱ्या सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते. माझेही.

अभ्यासक्रमाच्या बैठकीत अमेरिकी नर्तक आणि नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅमचं उदाहरण मला तीनदा ऐकवलं गेलं. कॅनडाच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात घडलेलं 'लाइफफॉर्म्स' हे सॉफ्टवेअर वापरून तो संगणकावर नृत्यरचना करू लागला, हे खरंच आहे. पण कनिंगहॅम जन्मला १९१९ साली आणि त्या सॉफ्टवेअरवर काम करून बसवलेलं 'ट्रॅकर्स' हे नृत्य आलं १९९१ मध्ये. पन्नास वर्षं नाचून मग तो संगणकापुढे बसला. पडद्यावरच्या आकृतीचा तोल कुठे जाईल हे त्याला स्वतःच्या गुडघ्यांवरून कळत होतं. अठरा वर्षांच्या मुलाला ते कुठून कळणार?

माझं मत असं की पहिली दोन वर्षं फक्त शरीर, आवाज आणि अवकाश. तंत्रज्ञान तिसऱ्या वर्षी, नाहीतर सरळ पदव्युत्तर अभ्यासक्रमात. विरुद्ध बाजू ऐकायची आहे.

मंदप्रकाश:
पूर्ण असहमत. मी प्रकाशयोजना करतो आणि शिकवतोही. 'आधी शरीर, मग तंत्र' हा क्रम शिकून आलेली मंडळी दोन महिने तालीम करतात आणि मला शेवटच्या दोन दिवसांत बोलावतात. तोवर सगळ्या हालचाली पक्क्या झालेल्या असतात आणि माझ्याकडून अपेक्षा एवढीच, की सगळे नीट दिसावेत.

नृत्यात दिवा कुठून येतो त्यावर शरीर काय दिसणार ते ठरतं. फक्त समोरून प्रकाश टाकला की चेहरा दिसतो, पण धड सपाट होतं. तोच विंगेतून, नडगीच्या उंचीवरून आडवा टाका. बरगड्या, कणा, वळलेली मांडी उठून दिसते, जमीन अंधारात जाते आणि नाचणारा तरंगल्यासारखा वाटतो. हे ठाऊक नसलेला नृत्यरचनाकार आपलंच काम अर्धं बघत असतो. अमेरिकी नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहमच्या नृत्यांना वर्षानुवर्षं प्रकाश देणारी जीन रोझेंथल आधी न्यूयॉर्कच्या नेबरहूड प्लेहाऊसमध्ये शिकली, जिथे अभिनय आणि नृत्य शिकवत, आणि मग येल विद्यापीठात स्टॅन्ली मॅककँडलेसकडे प्रकाशयोजना. तरुण वयात, लागोपाठ. तिला कुणी तिसऱ्या वर्षापर्यंत दिव्यांपासून लांब ठेवलं असतं तर?

जुनी वायर:
धागाकर्तीशी सहमत, कारण थोडं वेगळं. शिकवलेलं तंत्रज्ञान टिकतं किती? मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा हालचाल टिपणारा कॅमेरा २०१० मध्ये बाजारात आला. मूळ व्हिडिओ गेमसाठी, पण हे काम स्वस्तात करतो म्हणून नृत्यवाल्यांनी तो उचलून धरला. २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. संगणकावर हलती चित्रं दाखवणारं फ्लॅश २०२० अखेर बंद झालं. माझी पदवीची सगळी सादरीकरणं फ्लॅशमध्ये होती, आज त्यातलं एकही उघडत नाही. त्याच वर्षांत शिकलेलं आवाजाचं काम मात्र अजून रोज उपयोगी पडतं.

मंदप्रकाश:
@जुनी वायर, तुम्हाला सॉफ्टवेअर शिकवलं, त्यामागचं तत्त्व शिकवलं नाही, असं दिसतं. माझ्याकडची गोष्ट सांगतो. दिव्यांना आज्ञा देणारी डीएमएक्स ५१२ ही पद्धत १९८६ची. आजही बहुतेक रंगमंच तिच्यावर चालतात. एका चॅनेलला, म्हणजे आज्ञेच्या एका वाटेला, ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या. आता समजा नाटकाच्या शेवटी तुम्हाला एका मिनिटात प्रकाश हळूहळू विझवायचा आहे. सेकंदाला जेमतेम चार पायऱ्या आल्या. जुन्या दिव्यात तार तापलेली असते, ती निवायला वेळ घेते, त्यामुळे पायऱ्या आपोआप बुजतात. एलईडीत तार नाही. अंधाराच्या जवळ गेल्यावर प्रत्येक पायरी डोळ्याला टोचते आणि नटाने मोठ्या कष्टाने धरलेली शांतता फुटते. उपाय म्हणजे एका दिव्याला दोन चॅनेल द्यायचे, मग ६५,५३६ पायऱ्या मिळतात, किंवा तो क्षणच वेगळा बसवायचा. दुसरा निर्णय दिग्दर्शकाचा आहे आणि तो तालमीतच घ्यावा लागतो. हे ज्ञान कुठल्याही कंपनीच्या आवृत्तीबरोबर मरत नाही.

तिसरी घंटा:
नाटकाचा शिक्षक. आपल्याकडे या वादाचं उत्तर फार जुनं आहे. नाट्यशास्त्राने अभिनय चार प्रकारचा सांगितला: आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य आणि सात्त्विक (आतल्या भावातून उमटणारा). वेश, रंगभूषा, रंगमंचावरच्या वस्तू हे सारं आहार्यात येतं, म्हणजे त्याला अभिनयच म्हटलंय, अभिनयाची सजावट नव्हे. शिवाय दुसरा अख्खा अध्याय नाट्यगृह बांधायचं कसं यावर आहे, मापांसकट. आंगिकाचा विचार त्याच्या पुढे येतो.

पदन्यास:
@तिसरी घंटा, चौघांत सात्त्विकही आहे आणि ते आहार्यातून उगवत नाही. ग्रंथातला अध्यायांचा क्रम हा शिकवण्याचा क्रम मानायलाही मी तयार नाही.

@मंदप्रकाश, आडव्या प्रकाशाचा मुद्दा मला लागला, हे मान्य करते. दिव्याशी माझं भांडण नव्हतंच. दिवा शरीर दाखवतो, आमच्याकडचा पडदा शरीर झाकतो. हा फरक मी मूळ धाग्यात करायला हवा होता.

जुनी वायर:
आणखी एक. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कला एका प्रचंड लष्करी इमारतीत 'नाइन इव्हनिंग्ज' झालं. दहा कलावंत आणि बेल लॅब्ज या दूरध्वनी कंपनीच्या संशोधन संस्थेचे सुमारे तीस अभियंते, असे मिळून केलेले प्रयोग. चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गच्या प्रयोगात टेनिसच्या रॅकेटमध्ये माइक बसवले होते. चेंडू लागला की आवाज घुमायचा आणि एक दिवा विझायचा, असं करत सगळीकडे अंधार. कल्पना मला आजही विलक्षण वाटते. पण त्या दिवसांत यंत्रं अडली, प्रेक्षक ताटकळले, टीकाही सडकून झाली. एका कलावंतामागे तीन अभियंते असून ही गत. आपण मात्र एकाच विद्यार्थ्याने नाचावं, कोड लिहावं आणि प्रोजेक्टरही टांगावा अशी अपेक्षा धरतो.

विंगेतून:
मी अशीच पदवी करते आहे, दुसरं वर्ष. दोन्ही बाजूंना एक सांगायचंय.

आमच्या सेन्सरच्या प्रयोगात कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो. म्हणजे एका चित्रामागे साधारण ३३ मिलिसेकंद. मग संगणक ते चित्र वाचणार, आकृती काढणार, प्रोजेक्टर ती दाखवणार. सगळं मिळून आमच्याकडे सेकंदाचा दहावा भाग जायचा. ऐकायला काहीच नाही. पण मी हात सोडायचे आणि रेषा मागून यायची. दोन-तीन आठवड्यांत मी नकळत थांबायला लागले, प्रत्येक हालचालीच्या शेवटी रेषेची वाट बघत. माझी लय यंत्राची झाली. प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या सरांना ते दिसलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने यंत्रणा बरोबर चालली होती. नृत्याच्या बाईंना दिसलं, पण महिन्याने, तोवर सवय हाडांत गेली होती. बाई पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत असत्या तर त्यांनी पाच मिनिटांत पकडलं असतं. आणि सर स्टुडिओत असते तर हा उशीर कमी कसा करायचा हे त्यांना सुचलंच असतं, नाहीतर तो उशीरच धरून आम्ही काहीतरी रचलं असतं. तास कुणाचे कापले यापेक्षा मला हे जास्त सलतं, की पाचही तास एकटे अभियांत्रिकीचे सर घेत होते.

तिसरी घंटा:
@विंगेतून, हे कुणीच बोललं नव्हतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाने २००९ मध्ये नृत्यरचनाकार विल्यम फोर्सिथच्या एका रचनेवर असंच एकत्र काम केलं होतं. सतरा नर्तक, वीस टेबलं. कोण कुणाला इशारा देतो, कुणाची हालचाल कुणाशी जुळते, हे चित्रीकरणावर रेषांनी उलगडून दाखवलं. रंगमंचावर एकही पडदा वाढवला नाही. तंत्रज्ञान नाच बघायला वापरलं.

पदन्यास:
असं असेल तर मला पहिल्या वर्षीही चालेल, त्या मुलीचा अडकलेला श्वास कदाचित सप्टेंबरातच दिसला असता. पाचही तास परत द्या हा हट्ट सोडते. पुढच्या बैठकीत दोन मागण्या ठेवणार आहे: ते तास दोन शिक्षकांनी एकत्र घ्यावेत आणि पहिल्या वर्षाची परीक्षा पडदा बंद ठेवून व्हावी.

मंदप्रकाश:
पहिलीला पाठिंबा. दुसरीला नाही. पडद्याविना परीक्षा घेतलीत तर मुलं पडद्याचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकलतील आणि आपण पुन्हा त्याच जागी येऊ.

विंगेतून:
दोनदा घ्या ना, पडद्यासह आणि पडद्याविना. फक्त गुण देणारे दोघंही दोन्ही वेळा हजर हवेत. आमच्या वेळी तंत्राचे परीक्षक कोड बघून, नाच सुरू व्हायच्या आधीच निघून गेले होते.