मदत हवी आहे: चिमणरावचे जुने एपिसोड कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. आमच्या मंडळात पुढच्या महिन्यात दिलीप प्रभावळकरांवर दहा मिनिटं बोलायचंय, आणि मी उत्साहात हात वर करून बसले! टिपरे आजोबा आमच्याकडे अल्फा मराठीवर दिसायचे त्यामुळे ते पाठ आहेत, 'झपाटलेला'तला तात्या विंचू आणि 2006 च्या 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी (राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता) पण घेतलेत, पण गाडी अडलीये ती चिमणरावपाशी (दूरदर्शनवरची त्यांची जुनी मालिका), कारण तेव्हा इंदूरला मुंबई दूरदर्शन दिसायचंच नाही. बाबांनी दादरला आत्याकडे दोन-तीन एपिसोड पाहिलेले. परवा पोह्यांवर शेव घालता घालता चमचा तसाच हवेत धरून चिमणरावांची ती गडबडलेली चाल करून दाखवली त्यांनी, अर्धी शेव टेबलावर.

तर कोणाकडे जुनं रेकॉर्डिंग आहे का, किंवा कुठे बघायला मिळेल? दोन मिनिटांचा तुकडाही चालेल, प्रभावळकर आणि बाळ कर्वे (गुंड्याभाऊ) एकत्र असलेला मिळाला तर फारच भारी. विकिपीडिया वाचलंय, ते नको प्लीज. ज्यांनी तेव्हा टीव्हीवर पाहिलंय त्यांनी काय आठवतंय ते लिहा ना, मला तेच हवंय.