चुकलेला दिवस भरून निघतो का?

कामावर माणूस घेताना त्याची सर्वांत मोठी झेप, म्हणजे त्याचं सर्वांत चांगलं काम बघावं, सातत्य नंतर शिकवता येतं, असं काही जण म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. मी जालन्याकडे कपाशीच्या संकरित बियाण्याचे प्लॉट सांभाळतो, म्हणून तिथलंच सांगतो.

मादी म्हणून लावलेल्या झाडावरची उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, नखानं तिचे पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर म्हणून लावलेल्या झाडाच्या फुलाचा पराग लावायचा. कपाशीचं फूल एकाच दिवसाचं. नजरेतून सुटलेली कळी स्वतःच्याच परागानं बोंड धरते, आणि ते बी संकरित राहत नाही. कपाशीच्या प्रमाणित संकरित बियाण्याला किमान ९० टक्के जनुकीय शुद्धता लागते, म्हणजे शंभरातली निदान नव्वद झाडं खऱ्या संकराची निघावी लागतात.

एका वर्षी मी फार चपळ पोरगा घेतला होता. मनावर घेतलं की दोघांचं काम एकटा करायचा. पोळ्याला गावी गेला तो चार दिवसांनी आला. त्या चार दिवसांच्या कळ्या कुठून आणायच्या? रोज गुमान आपली ओळ संपवणाऱ्या मावशींचा माल मात्र तपासणीत पास झाला.

नवं वाण शोधणारा पैदासकार घ्यायचा असेल तर मी उलटं करीन. हजारो झाडांतलं एक त्यानं अचूक हेरलं, तर बाकीचे हंगाम कोरडे गेले तरी चालतं.

मुलाखतीत सातत्य दिसत नाही हो. पंधरा दिवस पगार देऊन कामावर ठेवा, आणि त्यात एखादा सणाचा दिवस येऊ द्या.